लग्नाची नोंद होत नाही, म्हणून जमवलेले कागद

समलिंगी विवाहाच्या मान्यतेबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आला आणि त्यानंतर लवकरच आम्ही दोघींनी एका वकीलबाईंची वेळ घेतली. निकाल अनुकूल लागला तर धार्मिक विधीशिवाय लग्न लावणाऱ्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची आणि प्रतिकूल लागला तर कागदपत्रांच्या मागे लागायचे, हे सुनावणी चालू असतानाच आमचे ठरले होते. एप्रिल आणि मे महिन्यांत घटनापीठापुढे दहा दिवस चाललेली ती सुनावणी आम्ही जमेल तशी थेट प्रक्षेपणावर पाहिली होती. न्यायमूर्तींच्या प्रश्नांवरून आमच्या आशेचा पारा वर-खाली होत असे. परंतु विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होईल, असे आम्हाला वाटले नव्हते. सिव्हिल युनियनच्या, म्हणजे विवाह न म्हणता नात्याला कायदेशीर मान्यता देण्याच्या, प्रश्नावर पीठ तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले आणि बहुमत आमच्या विरुद्ध गेले. कायदा करणे हे संसदेचे काम आहे, एवढ्यावर आमच्यापुरता तो विषय संपला.

वकीलबाईंनी सांत्वनात वेळ घालवला नाही. "कोर्टानं काय नाकारलं ते मी वाचलंय. लग्न झालं असतं तर तुम्हाला नेमकं काय काय मिळालं असतं, ते घरी जाऊन लिहून आणा," असे त्या म्हणाल्या. आम्ही लिहायला बसलो आणि पहिल्या पानावरच अडलो. मग मी भावाला आणि वहिनीला विचारले, कारण त्यांच्या लग्नाला बरीच वर्षे झाली आहेत. पण वारसा आणि रेशन कार्ड यांपलीकडे त्यांनाही काही सुचले नाही. त्यांना ते कधी कोणाकडे मागावे लागले नव्हते, मग सुचणार तरी कसे? सुनावणीत सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी केंद्राच्या वतीने मांडलेला एक मुद्दा मला त्या वेळी आठवला. अशा विवाहांना मान्यता दिली तर निरनिराळ्या कायद्यांतील सुमारे १६० तरतुदींवर परिणाम होईल, त्यामुळे न्यायालयाने यात पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला हवी असलेली यादी सरकारपाशी तयार होती म्हणायची. पुढच्या काळात त्यांतल्या एकेका तरतुदीशी आमची गाठ पडत गेली.

सुरुवात मृत्युपत्रापासून झाली, कारण आमचे घर दोघींच्या नावावर आहे आणि त्याचे हप्ते दोघींनी मिळून भरलेले आहेत. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता मेलेल्या अविवाहित स्त्रीची मालमत्ता, पती आणि मुले नसल्यामुळे, आई-वडिलांकडे जाते आणि ते हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे मी उद्या गेले, तर जिच्याबरोबर मी आयुष्य काढले तिला आधी माझ्या आई-वडिलांसोबत आणि त्यांच्यानंतर माझ्या भावासोबत किंवा त्याच्या मुलांसोबत एकाच घराची सहमालक म्हणून राहावे लागेल आणि भावाने वाटणी मागितली तर घर विकावे लागेल. माझा भाऊ तसा नाही. पण कोणाच्या चांगुलपणावर घर बेतायचे नसते, हे वकीलबाईंचे म्हणणे मला पटले. गृहनिर्माण संस्थेत नॉमिनी म्हणून नाव लावले तरी नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, मालक होत नाही, हेही त्यांनी त्याच बैठकीत स्पष्ट केले.

मृत्युपत्राला कायद्याने फारसे काही लागत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण आमच्यासारख्यांच्या मृत्युपत्राला आव्हान मिळण्याची शक्यता गृहीत धरून वकीलबाईंनी प्रत्येक वाक्य तोलून घेतले. आई-वडिलांची सोय मी वेगळी केलेली आहे, माझी जोडीदार आणि मी अमुक सालापासून एकत्र राहत आहोत, घराच्या खरेदीत तिचा इतका वाटा आहे आणि हा निर्णय मी कोणाच्याही दबावाखाली घेतलेला नाही, हे सर्व त्यांनी सविस्तर लिहायला लावले. नवऱ्याला घर देणाऱ्या बाईला कारण लिहावे लागत नाही. मला जवळपास एक पानभर लिहावे लागले, आणि ते पान वाचताना आपण आपल्याच संसाराची साक्ष नोंदवत आहोत असे वाटले.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात लाभार्थी खोलीत असू नये म्हणून माझ्या जोडीदाराला बाहेरच्या बाकावर बसवले गेले. आत संगणकावर बसलेल्या मुलाने माझा फोटो काढला, अंगठा यंत्रावर टेकवायला सांगितला, तो उमटेना म्हणून स्वतःच्या रुमालाने यंत्राची काच पुसली आणि मजकुराची पाने स्कॅन करता करता मधले एक पान वाचले. मी काहीशी सावध झाले. त्याने मान वर न करता हळू आवाजात विचारले, "मॅडम, हे असं नात्यात नसलेल्या कोणालाही देता येतं का? माझी आत्या आणि तिची मैत्रीण, दोघी विधवा आहेत, कितीतरी वर्षं एकत्र राहतात." स्वतःच्या कमाईचे असेल तर देता येते, असे मी सांगितले. त्याने साक्षीदारांना सह्यांसाठी पुढे बोलावले आणि जाताना वकीलबाईंचा नंबर मागून घेतला.

पैशाच्या बाबतीत काही गोष्टी वाटल्या त्यापेक्षा सोप्या निघाल्या आणि काही मुळातच बंद निघाल्या. बँकेत संयुक्त खाते उघडायला कधीच अडचण नव्हती; पुढे २८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही मनाई नाही, असे लेखी स्पष्ट केले, तेव्हा निदान बँकेच्या खिडकीवर दाखवायला एक कागद झाला. विम्यात मात्र मेख आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले तर विम्याच्या रकमेवर त्यांचाच हक्क लागतो. इतर कोणाला केले तर तो माणूस वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा ठरतो. म्हणून मृत्युपत्रात पॉलिसीचा वेगळा उल्लेख करावा लागला. भविष्य निर्वाह निधीचे दार तर माझ्यापुरते बंदच झाले, कारण त्या योजनेत स्त्री सदस्याच्या कुटुंबात तिचे अवलंबून असलेले आई-वडील मोडतात, आणि कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन चालत नाही. माझे वडील माझ्यावर अवलंबून आहेत. ग्रॅच्युइटीचेही तेच. आमच्या मनुष्यबळ विभागातील सहकाऱ्याने नियम दाखवला, खांदे उडवले आणि वडिलांचे नाव तसेच राहिले.

प्राप्तिकराची गंमत वेगळीच आहे. नवऱ्याने बायकोला कितीही रक्कम दिली तरी ती भेट करमुक्त असते. मी माझ्या जोडीदाराला वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक दिले तर ती सगळी रक्कम तिचे उत्पन्न धरली जाते. तेच पैसे मी मेल्यानंतर मृत्युपत्राने दिले तर कर लागत नाही. आमच्या सनदी लेखापालांनी हे इतक्या निर्विकारपणे सांगितले की आम्हा दोघींना हसू आवरेना.

आजारपणाच्या कागदांवर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. निकालाच्या आदल्या वर्षी माझ्या जोडीदाराची एक शस्त्रक्रिया झाली होती. संमतीपत्रावर तिची स्वतःची सही झाल्यावर खाली नातेवाइकाच्या सहीची रेघ होती आणि मी तिथे सही केली, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी "तुम्ही पेशंटच्या कोण?" असे विचारून कागद परत घेतला. परगावी असलेल्या तिच्या भावाला फोन लावला गेला, त्याने फोनवर हो म्हटले आणि त्याचे नाव त्या रेघेवर लिहिले गेले. त्याला तिच्या रक्तगटाचीही कल्पना नव्हती. हा प्रसंग मी वकीलबाईंना सांगितला तेव्हा त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली, जी प्रत्येक रुग्णाला ठाऊक असायला हवी: शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती हीच कायद्याने संमती असते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात, भुलीखाली असलेल्या सज्ञान स्त्रीच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही ग्राह्य धरली नव्हती. तेव्हा ती खालची रेघ ही रुग्णालयाच्या छापील फॉर्मची अट होती. पण रात्री काउंटरवर उभे राहून निकालपत्र वाचून दाखवणे कोणाला जमते?

खरा प्रश्न शुद्ध हरपल्यानंतरचा. आम्ही आधी कुलमुखत्यारपत्र करायला निघालो होतो. पण ज्याने ते दिले त्याची निर्णयक्षमता गेली की साधे कुलमुखत्यारपत्र संपते, म्हणजे ज्या घटकेला ते हवे असते नेमके त्याच घटकेला ते रद्द झालेले असते. त्याऐवजी दोन मार्ग सापडले. पहिला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधला. या कायद्याखाली कोणाही सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो आणि तो नातेवाईक असण्याची अट नाही; उलट, प्रतिनिधी नेमलेला असेल तर नातेवाइकांचा क्रम त्याच्या मागून लागतो. आपल्याकडच्या एका तरी कायद्याने माणसाला "तुला कोण हवे?" असे थेट विचारले आहे, हे वाचून मी ते कलम जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवले. अर्थात त्याची व्याप्ती मानसिक आजारापुरतीच आहे.

दुसरा मार्ग उपचार थांबवण्यासंबंधीच्या वैद्यकीय इच्छापत्राचा, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात. २०१८ च्या निकालाने त्याला मान्यता दिली होती, पण न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असल्याने ते प्रत्यक्षात कोणी करत नसे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरवले गेले. त्यात पालक किंवा जवळचा नातेवाईक म्हणून ज्यांची नावे लिहायची, तिथे आम्ही एकमेकींना पालक म्हणून नेमले. त्याची प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. आवक-जावकच्या टेबलावरच्या गृहस्थांनी ती प्रत उलटसुलट करून पाहिली, हे मृत्यूच्या दाखल्याचे खाते नव्हे असे सांगितले, मग वरच्या मजल्यावर फोन केला आणि अखेर नोंदवहीत विषयाच्या रकान्यात "इतर" असे लिहून शिक्का मारला. आमच्या फाइलमधला सर्वांत गंभीर कागद तो, आणि त्याची नोंद ती अशी.

एवढे करूनही काही ठिकाणी कागद पोहोचतच नाही. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळच्या नातेवाइकांत पती-पत्नी येतात; उद्या तिला मूत्रपिंड लागले आणि माझे जुळले तर मला प्राधिकरण समितीपुढे जाऊन माझी माया खरी असून त्यात पैशाचा व्यवहार नाही, हे सिद्ध करावे लागेल. मूल दत्तक घेण्याचे नियम जोडप्याला विवाहाची अट घालतात. त्या नियमाला हात लावायलाही घटनापीठाच्या बहुमताने नकार दिला. दोघींपैकी एकीने एकल पालक म्हणून मूल घ्यावे, तर दुसरी त्या मुलाची कायद्याने कोणीच लागत नाही. तो विचार आम्ही सोडून दिला आणि त्याविषयी अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

कागदांची ही धावपळ चालू असताना घरात धर्माची चर्चा आपोआप होत होती, आणि ती अपेक्षेपेक्षा उलट्या दिशेने गेली. माझी आई देवधर्म करणारी आहे. तिला आमच्या एकत्र राहण्याशी जुळवून घ्यायला वर्षे लागली, पण जुळवून घेतल्यावर तिची एकच तक्रार राहिली: "कागद काय करायचे ते करा, पण आधी देवासमोर हार घाला." तिने ओळखीच्या गुरुजींना विचारले. त्यांनी दोन दिवस घेतले आणि होकार कळवला. "मंत्र म्हणायला मला सरकारची परवानगी लागत नाही, पण उद्या सर्टिफिकेट मागायला माझ्याकडे येऊ नका," असे ते म्हणाले. "फोटोत मी नको," ही त्यांची दुसरी अट. म्हणजे ज्या बाजूने नकार येईल अशी आमची खात्री होती तिथून होकार आला, आणि ज्याचा मंत्रतंत्राशी संबंध नाही ते नोंदणी कार्यालय मात्र आमच्यासाठी बंद.

गुरुजींच्या बोलण्यातली मेख मला नंतर कळली. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे सप्तपदीचा विधी असेल तर सातवे पाऊल टाकताच विवाह पूर्ण होतो. नोंदणी हा केवळ त्याचा पुरावा. तोच अग्नी, तेच मंत्र, तीच सात पावले एका जोडप्याला कायद्याने पती-पत्नी करतात आणि आमच्या बाबतीत त्यांचा कायदेशीर परिणाम शून्य राहतो. फ्रान्ससारख्या देशात नगरपालिकेतला विवाह हाच विवाह असतो आणि चर्चमधला विधी ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलेला असतो. आपल्याकडे राज्याने विधीलाच कायद्याची ताकद दिलेली आहे. म्हणून आपल्याकडे "धर्माचे धर्माला आणि कायद्याचे कायद्याला" असे म्हणणे वाटते तितके सरळ नाही, आणि आमच्या विरोधकांच्या भीतीला थोडा तरी आधार इथूनच मिळतो.

मामांनी विरोध केला, आणि तो प्रामाणिक होता. "आपल्या धर्मात हे बसत नाही, आणि जे धर्मात बसत नाही ते सरकारनं बसवू नये," हे त्यांचे म्हणणे. मी त्यांना त्यांच्याच घरातले उदाहरण दिले. माझ्या मामेबहिणीचे लग्न आंतरजातीय आहे, आणि मामांनी स्वतः ते मंगलाष्टकांसह थाटात लावून दिले. पूर्वीच्या हिंदू विधीत असे कित्येक विवाह अवैध धरले जात; हिंदू विवाह वैधता कायदा, १९४९ ने त्यांना संरक्षण दिले. धर्मात बसते काय आणि बसत नाही काय याची रेघ तेव्हा कायद्यानेच हलवली, आणि पुढच्या पिढीने ती मूळचीच म्हणून स्वीकारली. महाराष्ट्रात तर याची सुरुवात त्याही आधीची आहे. सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटजीवाचून लग्न लावले तेव्हा हे लग्नच नव्हे, असे म्हणणारे थोडे नव्हते. तमिळनाडूत आत्मसन्मान चळवळीतले पुरोहिताविना झालेले विवाह १९६७ साली राज्याने हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून वैध केले. मामांनी हे सगळे शांतपणे ऐकले आणि "तरी नवरा-बायको होतेच ना?" एवढेच विचारले. त्यावर माझ्याकडे इतिहासातले उत्तर नव्हते. तिथे मतभेद खरा आहे आणि तो मामांच्या आणि माझ्यात राहील.

मला मामांशी वाद घालताना जाणवले ते असे की न्यायालयापुढे जे विचारात होते ते मुळात मामांच्या धर्मातले काही नव्हते. सुनावणीच्या पहिल्याच दिवशी, १८ एप्रिल २०२३ रोजी, न्यायालयाने धर्मनिहाय विवाह कायदे बाजूला ठेवून फक्त विशेष विवाह कायद्यापुरता विचार करण्याचे ठरवले होते. या कायद्याचा जन्मच धर्माबाहेर राहू पाहणाऱ्यांसाठी झालेला आहे. १८७२ चा मूळ कायदा केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो समाजातल्या सुधारक मंडळींच्या मागणीतून आला आणि त्याखाली लग्न करणाऱ्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणत्याच धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना ही सक्ती उरली नाही आणि १९५४ च्या कायद्याने सगळ्यांसाठीच ती गेली. एका सहकारी जोडप्याच्या अशा आंतरधर्मीय लग्नाला मी साक्षीदार होते, तेव्हा त्यांची नावे, पत्ते आणि छायाचित्रे असलेली नोटीस कार्यालयाच्या फलकावर तीस दिवस लागलेली मी पाहिली आहे. धर्म सोडायला सांगणारा कायदा गेला, तरी कोणी आक्षेप घेतो का याची वाट पाहणारा कायदा अजून आहे.

न्यायालयाच्या बहुमतालाही मी अगदीच झिडकारू शकत नाही. न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या निकालात विशेष विवाह कायदा इतर वैयक्तिक कायद्यांशी, विशेषतः वारशाच्या कायद्याशी, किती गुंतलेला आहे हे दाखवले आहे, आणि ते खोटे नाही. कलम १५ वाचताना "पतीचे वारस" हे शब्द दोन स्त्रियांच्या बाबतीत कसे लावायचे, यावर आमच्या वकीलबाईंनाही थांबावे लागले होते. पण गुंता आहे हे तो न सोडवण्याचे कारण होऊ शकते का? नेदरलँड्सने २००१ मध्ये आणि तैवानने २०१९ मध्ये तो कायदे करून सोडवला. ब्रिटनने २०१३ च्या कायद्यात चर्च ऑफ इंग्लंडला असे विवाह लावण्याच्या सक्तीतून स्पष्टपणे वगळले. असे वगळणे आपल्या कायद्यात असेल तर त्याला माझा पाठिंबा राहील. नकार देणाऱ्या गुरुजींना, मौलवींना किंवा पाद्र्यांना न्यायालयात खेचण्यात मला काही रस नाही.

वकीलबाईंच्या यादीतला शेवटचा विषय आम्ही पुढे ढकलत होतो. "उद्या वेगळं व्हायचं ठरलं तर?" असे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले होते. विवाहाच्या कायद्याचा मोठा भाग लग्न कसे मोडते आणि मोडल्यावर कोणाला काय मिळते यासाठी आहे, हे त्यांच्याकडून कळेपर्यंत आम्ही लग्नाचा विचार फक्त एकत्र राहण्यापुरता करत होतो. मधली काही वर्षे माझ्या जोडीदाराने नोकरी सोडून तिच्या आईचे आजारपण काढले, तेव्हा घर माझ्या पगारावर चालले आणि तिची निवृत्तीची शिल्लक तुटली. ती माझी पत्नी असती तर पोटगीच्या वेळी न्यायालयाने या वर्षांचा विचार केला असता. आता तो विचार आम्हालाच आकड्यात मांडायचा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून, कोणाचा हिस्सा किती, घर कोणी ठेवायचे, दुसरीला किती मुदतीत किती रक्कम द्यायची, हे आम्ही ठरवत गेलो; मध्ये एकदा भांडणही झाले. तिने स्वतःसाठी कमी मागितले आणि मी वाढवून लिहिले, तर ते तिला दयेसारखे वाटले. वकीलबाईंनी अंतिम मसुद्यातून विवाहासारखे वाटेल असे प्रत्येक वाक्य काढून टाकले, कारण सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवून करार रद्द होऊ नये. उरला तो दोन सहमालकांमधला मालमत्तेचा करार.

९ जानेवारी २०२५ रोजी त्या निकालावरच्या पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. आमच्यासारख्या जोडप्यांच्या हक्कांचा विचार करणारी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती त्याआधीच नेमली गेली होती, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने लोकांकडून सूचना मागवल्या तेव्हा आम्ही सूचना पाठवल्या. एकच पत्र लिहायला बसलो होतो, ते जमले नाही आणि शेवटी दोन पत्रे गेली. माझ्या पत्रात मी विवाहच मागितला: विशेष विवाह कायद्यात "कोणत्याही दोन व्यक्ती" असा बदल, वारशाच्या कायद्यात त्याला जुळणारी दुरुस्ती, धर्मसंस्थांना सक्ती नाही, आणि तीस दिवसांची नोटीस रद्द. आमचे नाते खरे आहे, हे मृत्युपत्रात, इच्छापत्रात आणि करारात मी पुन्हा पुन्हा लिहून दिले. विवाहितांना ते एकदाच सांगावे लागते आणि पुढे कोणी विचारत नाही. तेवढेच मला हवे आहे.

माझी जोडीदार हे मानत नाही. हक्कांचे दार विवाहातूनच का उघडावे, असा तिचा प्रश्न आहे. तिने आपल्या पत्रात निबंधक कार्यालयातल्या त्या मुलाच्या आत्याचा दाखला दिला आणि कोणाही सज्ञान व्यक्तीला, मग ती जोडीदार असो, बहीण असो की मैत्रीण, आपले कुटुंब म्हणून एक व्यक्ती नोंदवता यावी आणि त्या नोंदीवर रुग्णालय, भविष्य निर्वाह निधी, वारसा आणि अंत्यसंस्कार यांचे अधिकार मिळावेत, अशी मागणी केली. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विवाह हा कुटुंब स्थापण्याचा एकमेव मार्ग नव्हे आणि निवडलेले कुटुंब ही मान्य झालेली संकल्पना आहे, असे म्हटले, तेव्हा तिने ती बातमी मला न बोलता पाठवली. मी तिला उत्तर दिले की त्या दोघी विधवांना तिची नोंद मिळावी आणि आम्हाला लग्नही मिळावे. त्यावर तिचे म्हणणे असे की सरकारने दोन्हींपैकी एकच दिले तर तिची मागणी जास्त लोकांना पुरेल. आणि यावर मी अजून तिच्याशी सहमत झालेले नाही.